काडतूस निवडावं ते मे महिन्यात

मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफलींच्या गप्पा सोलापुरात रंगतात त्या डिसेंबर-जानेवारीत. हुरड्याचे दिवस असतात, मंगळवेढ्याकडे कुणाच्या तरी शेतात आगटी पेटलेली असते, शेंगाची चटणी पुढ्यात असते. विषय रानडुकरांवरून परवान्यावर जातो, परवान्यावरून आजोबांच्या बंदुकीवर, आणि तिथून थेट आफ्रिकेतल्या रानरेड्यावर. मग खिशातून फोन निघतात, कोष्टकं निघतात, कुठल्या काडतुसात किती ताकद याची बोली लागते. थंडीत सगळीच काडतुसं गुणी वाटतात. हा विषय काढायचा तर मे महिन्यात काढावा, दुपारी दोन वाजता, होटगी रोडला उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीवर हात ठेवून.

बाहेर ४३ अंश असतील तर बंद गाडीत ६० सहज होतात. काडतुसातली दारू किती वेगाने जळणार हे ती पेटण्याआधी किती तापलेली होती यावरही ठरतं. तापमानाला संवेदनशील दारू असेल तर दर अंश सेल्सिअसला गोळीचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर वाढतो. २० अंशांवर तपासलेलं काडतूस ६० अंशांवर झाडलं तर वेगात वीसेक मीटरची भर पडते. ही फुकटची कमाई नव्हे. वेग थोडा वाढतो तेव्हा चेंबरमधला (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या कप्प्यातला) दाब त्याहून बऱ्याच मोठ्या प्रमाणात वाढलेला असतो, आणि तो दाब सोसायचा असतो पितळेच्या पुंगळीने. पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला टेकतं, दाब उतरला की जरासं आकसतं. त्या आकसण्यावरच पुंगळी बाहेर येणं अवलंबून आहे. मर्यादेबाहेर ताणलेलं पितळ पुरेसं मागे येत नाही. मग बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) हँडल उचलायला जावं तर सुरुवातीलाच अडतं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाचा चकचकीत गोल ठसा दिसतो, प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) कडा चपट्या होऊन खाचेत भरलेल्या असतात. निशाण्याच्या रेंजवर ही फक्त कटकट असते. समोर सहाशे-सातशे किलोचा जखमी रेडा असेल तर दुसरी गोळी नाही, एवढाच तिचा अर्थ.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगून टाकावं, कारण उत्साहाच्या भरात लोक ते विसरतात. भारतात परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, त्याचं रूपांतर करणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. .३०३ (इंच) आणि ७.६२ (मिलिमीटर) ही लष्करी काडतुसं घेणाऱ्या रायफली सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून तर आपल्याकडे .३१५ एवढी बोकाळली. त्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' असा खडकीच्या कारखान्याचा ठसा असतो. परवाना शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून 'जरा नळी बदलून घेऊ' हा विचारसुद्धा करू नये. आणि शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने मिटवला. नान्नजच्या माळावर माळढोक शोधायला गेलेला माणूस म्हणेल की तो आणखी आधी मिटायला हवा होता.

मग सोलापूरकराने हे वाचायचं कशाला? एक तर इथली मुलं आता टेक्सासपासून जोहान्सबर्गपर्यंत पसरली आहेत, तिथे परवाना काढून गनस्मिथकडून रायफल बांधून घेणं कायद्यात बसतं, आणि त्यातली काही जण खरंच बांधून घेतात. दुसरं, मोठ्या बोअरची काडतुसं आज जशी आहेत तशी घडण्यात हिंदुस्थानचा वाटा फार मोठा आहे. आपल्या उन्हाचा आणि आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्या भीतीचा.

भीतीचं आधी. रिग्बी या बंदूककार कंपनीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्सप्रेस काढलं तेव्हा हत्ती-वाघाच्या शिकारीचा प्रश्न सुटला असंच वाटलं होतं. ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेग. पण त्याच व्यासाच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, आणि .४५० ची गोळी-काडतुसं त्यांना उपयोगी पडतील या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूककारांचं मोठं गिऱ्हाईक इथलं. ते हातचं जाऊ नये म्हणून प्रत्येकाने आपलं वेगळं माप काढलं: हॉलंड अँड हॉलंडचं .५००/४६५, जोसेफ लँगचं .४७०, शिवाय .४७५ आणि .४७६. ताकद सगळ्यांची जवळपास तीच. रानातला प्राणी या फरकाला काडीचीही किंमत देत नाही. आज कुणी .४७० च्या मोठेपणाचं गुणगान करतो तेव्हा तो नकळत एका सरकारी परिपत्रकाचं गुणगान करत असतो.

आता उन्हाचं. त्या काळची दारू म्हणजे कॉर्डाइट, लांब काड्यांच्या रूपातली. उन्हात तिचा दाब फार चढायचा. इंग्लंडच्या गारठ्यात नीट चालणारी रायफल मध्य प्रांतातल्या मे महिन्यात उघडेनाशी व्हायची. म्हणून 'ट्रॉपिकल' शिक्क्याची, दारू जरा कमी भरलेली काडतुसं निघाली. आणि दूरचा विचार करणाऱ्यांनी पुंगळीच मोठी केली: भरपूर पोकळी, कमी दाब, उन्हाने चढायला वाव. आजच्या युरोपीय मानकांत .४७० ची दाबाची कमाल मर्यादा २,७०० बार आहे. १९११ च्या .४१६ रिग्बीची ३,२५० बार. याउलट १९८८ चं .४१६ रेमिंग्टन मॅग्नम तीच ४०० ग्रेनची गोळी तितक्याच वेगाने फेकतं, पण अरुंद पुंगळीतून, आणि त्यासाठी त्याची मर्यादा ४,३०० बारपर्यंत जाते. कोष्टकात दोन्ही शेजारी शेजारी बसतात, आकडेही सारखे. मे महिन्यातल्या डिकीत ठेवली की दोघांमधलं अंतर कळतं.

इथे एक गोष्ट घाईने वाचणाऱ्यांकडून सुटते. रिग्बीचा दाब कमी म्हणून ती कुठल्याही ॲक्शनवर (रायफलीच्या बोल्टसकट मधल्या लोखंडी सांगाड्यावर) चालेल, असं नाही. बोल्टवर येणारा धक्का म्हणजे दाब गुणिले पुंगळीच्या बुडाचं क्षेत्रफळ. .३७५ हॉलंड अँड हॉलंडचं बूड १३ मिलिमीटर, रिग्बीचं १५. क्षेत्रफळात सुमारे ३२ टक्क्यांचा फरक पडतो. ढोबळ हिशोब केला तर ४,३०० बारवरचं .३७५ आणि ३,२५० बारवरची रिग्बी बोल्टवर जवळजवळ सारखंच ओझं टाकतात, पावणेसहा टनांच्या आसपास. म्हणजे रिग्बी मूळ मर्यादेत ठेवली तर चांगल्या .३७५ च्या ॲक्शनला ती जड नाही. पण 'एवढी मोठी पुंगळी रिकामी कशाला ठेवायची' म्हणून कुणी ती ४,३०० बारपर्यंत ताणली, तर लग्जवर (बोल्ट अडवून धरणाऱ्या दातांवर) त्याच्या वर आणखी तिसरा हिस्सा ओझं चढतं, आणि ज्या सैलपणासाठी हे काडतूस घ्यायचं तोच हातचा जातो. रिग्बी घ्यायची आणि भरायची मॅग्नमसारखी, यापेक्षा सरळ मॅग्नम घेतलेलं बरं.

काडतूस ठरवायचं ते ॲक्शनपासून मागे येत. हे लोकांना उलटं वाटतं. आधी काडतूस आवडतं, मग ते कशात बसवायचं याची शोधाशोध सुरू होते, आणि गनस्मिथच्या हाती एखादी जुनी लष्करी माउझर ९८ ठेवली जाते. साध्या माउझरच्या मॅगझिनची, म्हणजे काडतुसांच्या पेटीची, लांबी ८४ मिलिमीटरच्या आसपास. .३७५ हॉलंड अँड हॉलंड आणि .४५८ लॉट पूर्ण लांबीत ९१.४, .४०४ जेफ्री ८९.७, .४१६ रिग्बी ९५ मिलिमीटर. हे साध्या माउझरमध्ये कोंबता येतं, पूर्वी कितीतरी जणांनी कोंबलंही. त्यासाठी पुढचा रॅम्प (काडतूस चेंबरकडे चढवणारा उतार) आणि खालच्या लॉकिंग लगच्या बैठकीमागचं लोखंड खरवडावं लागतं. बोल्टवरचे सहा टन नेमके त्याच बैठकीवर जातात. शिवाय बोल्टचा चेहरा १२ मिलिमीटर रिमसाठी (पुंगळीच्या बुडाच्या कडेसाठी) कापलेला असतो, तो .३७५ साठी साडेतेरा आणि रिग्बीसाठी १५ करायचा म्हणजे कडेला उरणारं लोखंड बारीक होत जातं. साधी माउझरच हाताशी असेल तर तिच्या लांबीत बसणारं काडतूस घ्यावं. ८४-८५ मिलिमीटरमध्ये .४५८ विंचेस्टर, .३७५ रूगर (२००७), .४१६ रूगर (२००८) बसतात. यांच्या नावाला वाड्यातला इतिहास नाही, एवढीच तक्रार. लांब काडतूस हवंच असेल तर ॲक्शनही मुळातच लांब हवी: मॅग्नम माउझर, चेक बनावटीची सीझेड ५५० मॅग्नम, किंवा पहिल्या महायुद्धातल्या पी-१४ आणि एम-१९१७. या शेवटच्या दोन दिसायला ओबडधोबड, मागचे 'कान' घासून काढावे लागतात, पण लांबी आणि लोखंड दोन्ही भरपूर.

लांबी जमली तरी रुंदी उरते, आणि सर्वांत जास्त रायफली तिथेच बिघडतात. माउझरच्या मॅगझिनमध्ये काडतुसं दोन रांगांत, एकमेकांच्या खाचेत बसतात. त्यांची केंद्रं जोडली की समभुज त्रिकोण होतो, म्हणून पेटीची आतली रुंदी निघते ती बुडाच्या व्यासाच्या १.८६६ पट. .३७५ साठी २४.३ मिलिमीटर, .४०४ साठी २५.८, रिग्बीसाठी जवळपास २८. हेच गणित पुन्हा खांद्याच्या जागी करायचं, कारण पुंगळी पुढे निमुळती होते: .३७५ चा खांदा ११.४ मिलिमीटर, तिथे पेटी २१.२ हवी. म्हणजे पेटी पुढे निमुळती, आणि प्रत्येक काडतुसाला तिचा उतार वेगळा. पेटी रुंद झाली तर वरचं काडतूस पुरेसं उचललं जात नाही, मध्येच बसतं आणि बोल्ट त्याच्यावरून निसटतो किंवा गोळीचं नाक रॅम्पमध्ये घुसतं. अरुंद झाली तर काडतुसं एकमेकांवर घासत चढतात आणि स्प्रिंग कितीही ताठ लावली तरी शेवटचं वेळेवर वर येत नाही. मागावर धोट्याची पेटी सैल झाली तर धोटा वाकडा उडतो, आवळली तर अडकतो. अक्कलकोट रोडच्या कुठल्याही जॉबरला हे दोन वाक्यांत कळेल, आणि तो फायलीने खरवडायला बसण्याआधी कॅलिपर मागेल. बरेच गनस्मिथ तेवढं करत नाहीत. ते .३७५ च्या पेटीत रिग्बी भरतात, वरचे रेल (काडतुसं अडवून धरणाऱ्या पेटीच्या कडा) थोडे घासतात आणि चार काडतुसं हळू हळू आत जाताना दाखवून पैसे घेतात.

या कसोटीवर एकेक काडतूस पाहिलं की आवडीनिवडी आपोआप सरळ होतात.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ चं. ३०० ग्रेनची, १९.४ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ७७० मीटर, ऊर्जा ५,८०० ज्यूलच्या जवळ. अनेक आफ्रिकी देशांत मोठ्या, धोकादायक प्राण्यांसाठी किमान मर्यादा याच्याच आसपास धरतात. लांब उताराची पुंगळी, हलका खांदा. कॉर्डाइटच्या काड्या सरळ पुंगळीत भरून नंतर मान आवळायची त्या काळची पद्धत होती, तिला हा आकार सोयीचा. खांदा इतका उतरता की त्याच्यावर हेडस्पेस (काडतूस चेंबरमध्ये किती खोल थांबेल ते माप) धरवेना, म्हणून बुडाशी पट्टा दिला. तो पट्टा पुढे कितीतरी काडतुसांनी गरज नसताना वारशाने घेतला. पण उताराचा फायदा आजही आहे: आत सरकताना सहज सरकतं, बाहेर येताना जराशा हालचालीतच चेंबरपासून सुटतं. ज्याला एकच मोठी रायफल ठेवायची आहे, त्याला माझं उत्तर हेच, आणि या बाबतीत नावीन्याचा हट्ट असू नये.

खरं मोठं बोअर मात्र .४०० पासून सुरू होतं, आणि तिथे मला .४०४ जेफ्री सगळ्यांत शहाणं वाटतं. ४०० ग्रेन, जुना वेग ६४८ मीटर, आज ७०० पर्यंत. पट्टा नाही, बाहेर निघालेली रिम नाही, लांब उतार, खांदा अगदी सौम्य, कमाल दाब ३,६५० बार. रिग्बीपेक्षा बारीक असल्यामुळे पेटीत एखादं काडतूस जास्त मावतं आणि बोल्टच्या चेहऱ्यावर लोखंडही जास्त उरतं. एक गोष्ट मात्र लिहून ठेवावी: नाव .४०४, गोळी .४२३ इंचाची. गोळ्या मागवताना ही चूक होते आणि परत पाठवायचा खर्च गोळ्यांहून जास्त येतो. रिग्बीची गोळी नावाप्रमाणे .४१६, तिच्यासाठी गोळ्यांची निवड कितीतरी मोठी. ज्याला गोळ्यांचे प्रकार बदलून पाहायची हौस आहे त्याने रिग्बी घ्यावी, ॲक्शन तेवढी मोठी असेल तर. .४१६ रेमिंग्टन तेव्हाच, जेव्हा हाताशी आधीच .३७५ ची उत्तम ॲक्शन आहे: बूड तेच, लांबी तीच, पेटीला फारसा हात लावावा लागत नाही, नळी बदलली की काम झालं. फक्त थंड देशासाठी.

.४५८ विंचेस्टर १९५६ मध्ये आलं ते साध्या ॲक्शनमध्ये जुन्या दुनळीची ताकद देण्याचं वचन घेऊन. ६३.५ मिलिमीटरच्या पुंगळीत ५०० ग्रेनची गोळी आणि तेवढी दारू बसवायची म्हणजे दारू दाबूनच भरावी लागे. दाबलेली दारू गुठळ्या धरायची, काही वेळा नीट जळायचीच नाही, आणि छापील वेग प्रत्यक्षात मिळेना. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रेड्याकडून जखमी झालेल्या जॅक लॉटने पुढे १९७१ मध्ये पुंगळी ७१ मिलिमीटर लांब करून .४५८ लॉट काढलं. ५०० ग्रेन, सेकंदाला ७०० मीटर, जवळपास ८,००० ज्यूल. लॉटच्या चेंबरमध्ये साधं .४५८ विंचेस्टरही झाडता येतं, परदेशी सामान हरवलं तर ही सोय मोठी. आजची दारू सुधारली आहे, विंचेस्टरही आता आपलं काम नीट करतं. .५०५ गिब्ज आणि .४६० वेदरबीबद्दल फार लिहायचं कारण नाही. ज्यांना ती झेपतात त्यांना कुणाच्या लेखाची गरज नसते.

झेपण्याचं गणित मात्र प्रत्येकाने करावं. गोळीचं वजन गुणिले वेग, त्यात दारूचं वजन गुणिले बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग (साधारण १,२०० मीटर धरतात), त्या बेरजेला रायफलीच्या वजनाने भागलं की रायफल मागे किती वेगाने येणार ते कळतं, आणि त्या वेगावरून धक्क्याची ऊर्जा. साध्या .३०-०६ चा धक्का ३.६ किलोच्या रायफलीत २७ ज्यूल. .३७५ चा ४.२ किलोत ५३. रिग्बीचा साडेचार किलोत ७७. लॉटचा तेवढ्याच वजनात ९४. रिग्बीचं वजन चार किलोवर आणलं की ७७ चे ८६ होतात, सव्वापाच किलोपर्यंत नेलं की ६६. हलकी, देखणी मोठी रायफल मागणारे गिऱ्हाईक हे गणित करत नाहीत, आणि मग पहिल्या डझनभर काडतुसांनंतर ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात. डोळे मिटणाऱ्याच्या लॉटपेक्षा डोळे उघडे ठेवणाऱ्याचं .३७५ कितीतरी मोठं. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडावरच्या, वायू बाजूला सोडणाऱ्या तुकड्याने) धक्का बराच कमी होतो हे खरं, पण शेजारी उभ्या माणसाच्या कानांचं वाटोळं होतं, आणि शिकारीत ट्रॅकर नेमका शेजारीच असतो. माझं मत विरुद्ध आहे.

धक्का खांद्याआधी दस्त्याला बसतो. अक्रोडाचा दस्ता फुटतो तो बहुधा टँगच्या (ॲक्शनच्या मागच्या शेपटीच्या) मागे, मनगटाच्या जागी, बारीक उभ्या चिरेने. कारण साधं: रिकॉइल लग (धक्का लाकडाला देणारा ॲक्शनखालचा दात) लाकडावर सारखा टेकलेला नसतो, म्हणून ॲक्शन जराशी मागे सरकते आणि टँग पाचरीसारखा लाकडात शिरतो. उपाय तीन, तिन्ही करावेत. लगच्या मागे इपॉक्सीचं बेडिंग (घट्ट बैठक), लगच्या मागे आणि मॅगझिनच्या मागे लाकडातून आडवे पोलादी बोल्ट, आणि टँगच्या मागे अर्धा ते एक मिलिमीटर फट. ही फट पाहून गिऱ्हाईक 'काम सैल झालं' म्हणून कुरकुरतं आणि काही कारागीर त्याला खूश करायला ती मेणाने बुजवतात. रिग्बी आणि त्यावरच्या काडतुसांना नळीखाली दुसरा लग हवा. दस्त्याचा कोम (गाल टेकतो ती वरची कड) सरळ, बूड रुंद, पॅड इंचभर. स्लिंगची (खांद्याच्या पट्ट्याची) पुढची कडी दस्त्यावर न ठेवता नळीच्या पट्ट्यावर ठेवावी, नाहीतर ती पुढचा हात फाडते. दुर्बीण बसवायची तर डोळ्यापासून अंतर ९० ते १०० मिलिमीटर, आणि बेसचे स्क्रू ६-४८ ऐवजी जाड ८-४० चे. भुवईवरचा अर्धचंद्र कुणीही हौसेने मिरवत नाही. नळी ६१० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. ट्विस्ट (नळीतल्या आट्यांचा पीळ) .३७५ ला १२ इंचात एक फेरा, .४१६ ला १४.

चेंबरबद्दल गनस्मिथला एक वाक्य बजावून सांगावं: मानकाप्रमाणेच काप. रेंजवरच्या स्पर्धकांना घट्ट चेंबर आवडतो, एका छिद्रात पाच गोळ्या पडतात. पण घट्ट चेंबरमध्ये तापलेलं, धुळीने माखलेलं काडतूस अडकतं, आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ किती बारीक असते हे ज्वारीची रास केलेल्याला विचारावं. आफ्रिकेतली लाल धूळही काही वेगळी वागत नाही. दारूची निवड आपल्या हातात असेल तर तापमानाला कमी संवेदनशील दारू घ्यावी. ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या हॉजडन एक्स्ट्रीम मालिकेचं नाव याच गुणामुळे झालं. गोळीच्या खाचेत पुंगळीची कड नीट आवळलेली हवी. मोठ्या रायफलीच्या धक्क्याने मॅगझिनमधली बाकीची काडतुसं पेटीच्या पुढच्या भिंतीवर आदळतात, आवळणी कच्ची असेल तर गोळी आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. उन्हाने चढलेल्या दाबात ही आणखी भर. म्हणून रेंजवर चौथ्या काडतुसाची लांबी पहिल्या तीन झाडल्यावर कॅलिपरने मोजावी.

रायफल ताब्यात घेताना काय पाहायचं? काडतुसं डमी हवीत, प्रायमर आणि दारू नसलेली, पण वजनाची आणि लांबीची खरी. पेटी पूर्ण भरून बोल्ट आधी अगदी सावकाश चालवावा, मग अंगातल्या सगळ्या जोराने. मग रायफल कुशीवर झोपवून. मग उलटी करून. सावकाश चालवल्यावर जे अडतं ते रेलचं दुखणं असतं, जोरात चालवल्यावर जे अडतं ते स्प्रिंगचं किंवा पेटीच्या रुंदीचं. एक काडतूस वरून थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट मारून पाहावा, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) त्याच्या रिमवर चढतो का. नसेल चढत तर त्याची कड घासून द्यायला सांगावी, आणि ती घासल्यावर सगळ्या चाचण्या पुन्हा करून घ्याव्यात.

शेवटची चाचणी उन्हातली, कारखान्यात भरलेल्या काडतुसांनीच. पाच काडतुसं सावलीत ठेवलेली, पाच उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेली, त्याहून जास्त नाही. काडतुसांजवळ थर्मामीटर ठेवावा, हाताला अंदाज येत नाही. आधी थंड झाडावीत, क्रोनोग्राफवर वेग लिहावा, प्रत्येक पुंगळीचं बूड पाहावं. मग तापलेली, एकेक करून. हँडल उचलायला पहिल्या पाचांपेक्षा जास्त जोर लागला, किंवा बुडावर ठसा दिसला, की तिथेच थांबून उरलेली परत खोक्यात. काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये घालून गप्पा मारत बसू नये, ते तिथे आणखी तापतं. जी काडतुसं पास झाली त्याच खेपेची बाकीची पेटी घ्यावी. विमानात सहसा माणशी पाच किलोपर्यंतच दारूगोळा नेऊ देतात. रिग्बीचं एक काडतूस ५५ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे खोक्यांसकट ऐंशीच्या जवळपास, आणि त्यातली वीस-पंचवीस तरी तिकडे पोचल्यावर निशाणा पुन्हा जुळवण्यात आणि सरावात जाणार हे धरूनच मोजावं.